सरसाचं माप

नाक चित्राला टेकेल इतका तो वाकला, तेव्हा दालनातला पहारेकरी खेकसला.

"आजोबा, मागे व्हा! चित्र काही पळून जात नाहीये."

"माहीत आहे रे बाबा," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. आज दिसला होता तो. तडा! वरच्या कोपऱ्यातून निघून, निळ्या पडद्याला चिरत थेट बाईच्या खांद्यापर्यंत आलेला. कडेने रंगाच्या खपल्याही सुटायला लागलेल्या. भर दालनात नाचावं असं त्याला वाटलं.

"पडला एकदाचा," तो पुटपुटला. "मास्तर, आता बोला!"

मास्तर काय बोलणार, ते कधीच वर गेले होते. पण या भल्यामोठ्या संग्रहालयात त्यांच्या नावाचं अख्खं दालन होतं आणि दालनाच्या मधोमध हे चित्र. खुर्चीत बसलेली त्याची बायको. म्हणजे, तेव्हाची. मास्तरांकडे तो कॅनव्हास तयार करायचा. कापड ताणायचं, सरस वितळवायचा, त्यात खडूची पूड कालवून अस्तर द्यायचं. बायको तिथेच चित्रासाठी बसायला लागली, आणि ती मास्तरांकडेच राहायला जाणार हे अख्ख्या गल्लीला कळून चुकल्यावर याला कळलं. त्याने काम सोडलं. सोडण्याआधी शेवटचा कॅनव्हास मात्र अगदी मन लावून केला. अस्तरात सरस दुप्पट घातला. असं अस्तर दिसायला झकास, पण वर्षं गेली की कडक होऊन फुटतं, आणि रंगाला घेऊन सुटतं. फूट मेल्या, असं म्हणतच त्याने शेवटचा हात फिरवला होता.

तेव्हापासून तो वाट बघत होता. दुसऱ्या शहरात चांगली नोकरी चालून आली, गेला नाही. स्थळं आली, दुसरं लग्न केलं नाही. स्वतः बरी चित्रं काढायचा, पण ब्रश पुन्हा हातात धरला नाही. सुट्टी आली की तिकीट काढून इथे यायचा, कोपरा न् कोपरा तपासायचा आणि हात हलवत घरी जायचा.

"दिसला का?"

त्याने वळून पाहिलं. ती काठी टेकून उभी होती. केस पांढरे झालेले, आवाज तोच.

"तू इथे कशाला?"

"संग्रहालयवाल्यांनी बोलावलं. तडा गेलाय म्हणाले. मला वाटलंच, तुम्ही इथे असाल."

आता लपवायचं कशाला? त्याने छाती पुढे काढली.

"मीच केलं ते. अस्तरात सरस..."

"दुप्पट. ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. रंग लावायच्या आधी प्रत्येक कॅनव्हास ते टिचकी मारून ऐकायचे, सरस जास्त झाला की आवाजावरून ओळखायचे. विसरलात?"

विसरला होता. रागाच्या भरात नेमकं तेवढंच विसरला होता.

"मग फेकून का नाही दिला?"

"मीही तेच विचारलं, खुर्चीत बसल्या बसल्या. तर म्हणाले, असू दे, याच्यावरच काढतो. बसेल तो तड्याची वाट बघत. जन्मात दुसरं काही करायचा नाही."

"आणि तू? तू काय म्हणालीस?"

तिने नुसती हनुवटीने चित्राकडे खूण केली.

इतकी वर्षं त्याने कडा पाहिल्या, कोपरे पाहिले. चेहऱ्याकडे बघणं मात्र टाळलं होतं. आता त्याने मान वर केली.

खुर्चीतली बाई ओठ दाबून हसत होती.