माझी जागा चपलांच्या रॅकवर

मी बोलतोय ते चपलांच्या रॅकवरून. वरच्या फळीवर, एका अंगाला छत्री आणि दुसऱ्या अंगाला जोडीदार हरवलेला कुणाचा तरी मोजा. मी एक टॅब आहे, आणि तोही साधासुधा नव्हे, कृत्रिम बुद्धिमत्तेचा. माझी बुद्धी कृत्रिम आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ती बेताची आहे, हे जरा उशिरा कळलं.

माझा जन्म आठवत नाही, सत्कार तेवढा आठवतो. आरोग्य केंद्राच्या सभागृहात मला आणि माझ्या एकोणीस भावंडांना टेबलावर मांडलं होतं. एक साहेब म्हणाले, "आता नोंदवही इतिहासजमा! हा टॅब बारा प्रश्न विचारेल आणि आईबाळाची तब्येत रंगात सांगेल. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धावा." टाळ्या पडल्या. मी तेव्हा चार्जिंगला होतो, तरी छाती फुगली.

मी सिस्टरांच्या वाट्याला आलो. बाळंतिणींच्या घरी जाऊन आईबाळाला तपासायचं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, बाळाला काट्याला लटकवायची कापडी झोळी, थर्मामीटर, खोकल्याच्या गोळ्या, आणि आता मी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चष्म्याच्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाल्या, "ये बाबा. पण मध्ये मध्ये बोलू नकोस."

नेमकं तेवढंच मला येत होतं.

माझे पराक्रम काय सांगू! एकदा फोटो घेताना मी उशीलाच बाळ समजलो आणि तिची वाढ समाधानकारक असल्याचं वर कळवून टाकलं. एकदा बाळानं सिस्टरांची साडी ओली केली, त्याच क्षणी मी गोड आवाजात म्हणालो, "भेट पूर्ण झाली. छान काम!" बाळाला उद्देशून म्हणालो असं घरातल्यांना वाटलं, म्हणून अब्रू वाचली.

सिस्टरांची एकच सवय मला खटकायची. तपासणी उरकली, मला पिशवीत टाकून चेन ओढली, की त्या दाराशी जाऊन सँडल घालायला बसत आणि तिथून उठतच नसत. एक बक्कल लावायचं, दुसरं अर्धवट सोडायचं, बाळाच्या आईशी काहीबाही बोलायचं, लावलेलं बक्कल पुन्हा काढायचं. मला पिशवीतून नुसतं पुटपुटणं ऐकू येई. मी मात्र मोजत असे. दर घरी सरासरी सात मिनिटं. शेवटी मी ऑफिसला अहवालच धाडला: "वाया जाणारा वेळ. उपाय: बिनबक्कलच्या चपला वापराव्यात."

माझ्या अकलेचं याहून मोठं प्रदर्शन पुढेच होतं.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दीड महिन्याचं बाळ, त्याची आई, आणि मदतीला आलेली तिची आई, म्हणजे बाळाची आजी. आजी प्रेमळ, पण तोंड सतत चालू. बाळाचं वजन झालं, छान भरलं. मग मी माझे प्रश्न सुरू केले.

"आईला पुरेशी झोप मिळते का?"

"मिळते की!" आजी म्हणाली. "रात्रीचं बाळ मी घेते. ही डोळे मिटून पडलेली असते."

"आईला वारंवार रडू येतं का?"

"अहो, ती पहिल्यापासून तशीच. जाहिराती बघूनसुद्धा रडायची. लिहा, नाही."

सिस्टर म्हणाल्या, "आजी, जरा तिला बोलू द्या."

"बोल गं. काही होतंय का तुला?"

"नाही," बाळाची आई म्हणाली. "ठीक आहे."

बाराच्या बारा उत्तरं मिळाली. मी धन्य झालो. हिरवागार दिवा लावला आणि जाहीर केलं, "सर्व काही उत्तम. यापुढे भेटीची गरज नाही." चेन ओढली गेली. अंधार.

दाराशी सिस्टरांनी एक सँडल घातली असेल. आजी आत बाळाला घेऊन बसली होती. दार लावायला आलेली बाळाची आई पिशवीला अगदी लागून उभी होती, म्हणून या खेपेला मला शब्द कळले. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? मी वेडी आहे असं नाही ना वाटणार?"

"विचार गं."

"बाळाला आंघोळ घालताना वाटतं, हातातून सुटेल. म्हणून मी त्याला उचलतच नाही. नऊ दिवस झाले. डोळे मिटून पडते, पण झोप कुठली? त्याचा श्वास मोजत असते. आईला वाटतंय, मी आळशी झालेय."

आणि मी, कृत्रिम बुद्धिमत्तेचा मेरुमणी, पिशवीतून ठणठणीत आवाजात म्हणालो, "पुढील घर चार किलोमीटरवर आहे. आपल्याला उशीर होत आहे."

ती दचकली. "जा तुम्ही. उशीर होतोय तुम्हाला. मी उगाच..."

दार लागायला आलं. त्या एका क्षणी मला जे वाटलं त्याला माझ्याकडे रंग नाही.

"त्याला होतोय उशीर," सिस्टर म्हणाल्या. "मला नाही." बक्कल सुटल्याचा आवाज आला. मग त्यांचा हात पिशवीत शिरला आणि मी बंद झालो. पुढचा पाऊण तास काय बोलणी झाली ते मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलंच बरं.

संध्याकाळी ऑफिसात मोठ्या मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, टॅब हिरवा म्हणतोय. पुन्हा भेट कशाला?"

"टॅबनं आजीची तब्येत तपासलीय, मॅडम. आजी एकदम ठणठणीत आहेत."

मॅडमना हसू आवरेना. पण माझा रंग बदलायचा तर माझ्या यादीतलंच कारण निवडावं लागे, आणि यादीत होती तीन: पत्ता चुकला, वजनात चूक, घर बंद. दाराशी बोलली, हे कारण मला कुणी शिकवलंच नव्हतं. बरीच खटपट करून दोघींनी "घर बंद" निवडलं, तेव्हा कुठे मी उद्याची भेट मंजूर केली. इतक्या दिवसांत त्या मुलीनं पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, आणि माझ्या दप्तरी लागलं काय, तर घर बंद!

दुसऱ्या दिवशी सिस्टर तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. असं पुष्कळ जणींना होतं, त्यावर उपचार आहेत, असं डॉक्टरांनी आजीलाही समजावलं. आजीनं म्हणे मध्ये न तोडता लेकीला बोलू दिलं. मला वाटतं, ही माझ्या कारकिर्दीतली सर्वांत अविश्वसनीय नोंद.

तेव्हापासून सिस्टर मला पिशवीत भरत नाहीत. आवाज बंद करून, फॉर्म उघडा ठेवून, चपलांच्या रॅकवर ठेवतात. ऑफिसनंही बारा प्रश्नांखाली एक रिकामी चौकट जोडली आहे: जाताना काय बोलणं झालं? तिला पर्याय नाहीत. सिस्टर आधी "लिहू का?" विचारतात, मगच लिहितात.

आज आम्ही त्याच तिसऱ्या मजल्यावर आहोत. बाळाची आई दाराशी आलीय, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"काय म्हणतेस?" सिस्टर बक्कल चाचपत विचारतात.

"भीती गेली नाही अजून. पण आज मी आंघोळ घालताना साबण बाळाच्या डोळ्यात गेला, तर तो रडला. मी नाही रडले."

"लिहू का?"

"लिहा."

ती बरी झाली का, हे मी सांगणार नाही. हिरव्या रंगाच्या बाबतीत मी आता फार जपून असतो. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी आला, तर त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्या, गरिबाचं पोट आहे ते. पण मनातलं राहून गेलं असेल, तर सिस्टर सँडल घालेपर्यंत थांबा. मध्येच मी बोललोच, तर खुशाल तो मोजा माझ्या तोंडावर टाका.

बोला. मला आता उशीर होत नाही.