डब्यावर लिहिलेलं 'आपल्या'

मी द्रव नायट्रोजनची टाकी. प्रयोगशाळेच्या दाराआड उभी असते. ऐकायचं तर ऐका, नाहीतर सगळे करतात तसं झाकण लावून पुढे जा.

कारखान्यात मला दोन कातड्यांची केली आणि मधली हवा काढून घेतली. त्यामुळे आत कितीही गार असो, बाहेरून हात लावणाऱ्याला काही कळत नाही. झाकण उघडलं की तोंडातून पांढऱ्या वाफा निघतात. पाहुणे त्या वाफांसोबत फोटो काढतात. माझ्यात नायट्रोजन किती उरलाय, हे एकानंही कधी विचारलं नाही.

विचारायची ती एकटी बाई. आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दर सोमवारी लाकडी पट्टी माझ्या पोटात घालायची, बाहेर काढून हवेत हलवायची, आणि जिथवर पांढरं दव धरलं तिथवर बोटांनी मोजायची. नायट्रोजन रोज थोडा थोडा उडून जातो; कमी असेल तर स्वतः ओतायची. माझ्यापायी दोन बोटं भाजून घेतली तिनं. हो, इतक्या थंडीनंही भाजतं.

तिचं काम असं. शरीरात जंतू शिरला की काही पेशी त्याच्यावर सोडायला हत्यारं बनवतात. एका हट्टी तापाच्या जंतूला नेमकं कुठं धरायचं हे ठाऊक असलेल्या पेशी तिनं निवडल्या, वाढवल्या, कुप्यांत भरून माझ्याकडे गोठवून ठेवल्या. नऊ वर्षं गेली त्यात. नोकरी दरवर्षी नव्यानं मिळणारी. कायम व्हायचं तर मोठ्या शास्त्रीय मासिकात पेपर छापून यायला हवा आणि त्यात आपलं नाव पहिलं हवं. या धंद्यात पहिलं नाव राबणाऱ्याचं, शेवटचं साहेबाचं, आणि मधली नावं गर्दी दिसावी म्हणून.

माझ्यातल्या प्रत्येक डब्यावर ज्याचं त्याचं नाव असतं. हिच्या डब्यावर मात्र 'आपल्या पेशी'. पहिल्याच आठवड्यात ती 'माझ्या पेशी' म्हणाली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सरांनी, सगळ्यांदेखत टोकलं, इथे माझं-तुझं चालत नाही म्हणून. पोरगी भाबडी. मनावर घेतलं.

मग तिला मुलगी झाली. रजा संपवून आली तर पेपर छापून आलेला. पहिलं नाव नव्या संशोधकाचं. त्याला येऊन सात महिने झाले होते. हिचं चौथं. सर माझ्याशेजारीच उभे होते.

"अगं, छापणाऱ्यांनी आणखी दोन प्रयोग मागितले. तू नव्हतीस, त्यानं केले."

"आधीचे एकेचाळीस मी केले, सर."

"आता मोजत बसणार का? आपलंच काम आहे ना सगळं?"

तेवढ्यात सरांना वर्तमानपत्रवाल्याचा फोन आला. "हो, आम्ही शोधलं," सर म्हणाले, "आम्ही दोघांनी." ती समोरच होती, हातात पट्टी घेऊन. आपण म्हटलं की समोरचा आत येतो, आम्ही म्हटलं की बाहेर राहतो. एवढं मला टाकीला कळतं. सरांना तर चांगलंच कळत होतं.

कायमच्या जागेची मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्यांनी चौथ्या नावावर बोट ठेवून विचारलं, यात तुमचं नेमकं काय? तिनं नऊ वर्षं सांगितली. जागा नव्या संशोधकाला गेली.

हे तिनं काचसामान धुणाऱ्या मावशींना सांगितलं. मावशी धुता धुताच म्हणाल्या, "डब्यावर नाव का नाही टाकलंस गं? माझ्या चहाच्या कपावरसुद्धा माझं नाव आहे." बाई हसली. मग माझ्या झाकणावर डोकं टेकून रडली, आणि झाकण पुसलंही तिनंच.

ती गेली. रक्त तपासतात तिथं रिपोर्टवर सह्या करते म्हणे. पेशी न्यायला मिळाल्या नाहीत, त्या संस्थेच्या. टाकीकडे सगळ्यांनी लक्ष द्यायचं, असं सरांनी बैठक घेऊन सांगितलं. सगळ्यांनी म्हणजे कुणीच नाही.

आज पाच आठवड्यांनी मावशींनी पट्टी घालून बघितली. दव चारच बोटं. वरचे डबे उघडे पडलेत. मी पुरती आटले की पेशी मेल्या, आणि तशा पुन्हा करायला आणखी नऊ वर्षं. ओरडायला माझ्यात घंटाही नाही. सर परगावी याच पेशींवर भाषण देतायत. नवा संशोधक मावशींना म्हणाला, उद्या बघू. शेवटी मावशींनी बाईला फोन लावला. मुलीला पाळणाघरातून घेते आणि निघते, म्हणाली ती.

येऊ नकोस, बाई. पेशींचा दोष नाही, ठाऊक आहे मला. तुझ्या हातच्या म्हणून एकेक कुपी पोटाशी धरलीय. पण तू धावत येऊन ओतून गेलीस, की सर परत आल्यावर म्हणतील, बघा, उगाच घाबरलात, भरलेलीच आहे की. आटू दे मला. पोरीला घे आणि सरळ घरी जा.