अकरावा फोटो

कॅमेरे दुरुस्त करता करता त्याला एक खोड जडली होती. जुना कॅमेरा हातात आला, की तो ज्याच्या डोक्यातून निघाला तो माणूस समोरच्या स्टुलावर येऊन बसलाय अशी कल्पना करायची आणि त्याच्याशी गप्पा हाणायच्या. डब्यासारख्या कॅमेऱ्याचा बाप भलताच बडबड्या, घडीच्या कॅमेऱ्याचा कायम तोंड पाडून बसलेला. बायको म्हणायची, "घरात तोंडाला कुलूप, आणि दुकानात मेलेल्यांशी दिवसभर चकाट्या!" त्यावर तोही हसायचा. गप्पांनी हात स्थिर राहतो, एवढंच त्याचं म्हणणं.

त्या दुपारी मात्र टेबलावरच्या कॅमेऱ्याचा बाप, एक म्हातारा, न बोलावता येऊन बसला.

टेबलावर भाऊजींचा कॅमेरा होता. चार महिन्यांपूर्वी भाऊजी दगडाच्या खाणीत पडून गेले. काठावर सापडलेला कॅमेरा पोलिसांनी गेल्या आठवड्यात जसाच्या तसा परत केला, आणि आज सकाळी ताईने तो आणून दिला.

"लेन्सची रिंग अडकलीय," ती म्हणाली. "आत फिल्म आहे, अकरा फोटो झालेत. ह्यांनी शेवटी काय पाहिलं ते मला बघायचंय. बाबांच्या डार्करूममध्ये तूच धू, माझे हात कापतात. चारला येते."

अकरावा फोटो कुणाचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो त्याचाच होता. आदल्याच दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, साऱ्या गल्लीने ऐकलेलं. समेट म्हणून भाऊजी त्याला खाणीवर घेऊन गेले, "हस की लेका" म्हणत फोटो काढला, कॅमेरा खाली ठेवून मागे सरकले आणि घसरून खाणीत गेले. खालून हाका येत होत्या. आपणच ढकललं म्हणतील, या भीतीने याची गाळण उडाली आणि तो पळाला. मी दुकानातच होतो, असं सगळ्यांना सांगितलं. पुढे डॉक्टर म्हणाले, माणूस तासभर तरी जिवंत असावा.

"मग? काय ठरलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कशाचं?"

"भोळेपणाचा आव आणू नकोस. हे मागचं झाकण मी असं बसवलंय, की चुकून उघडून उजेडाने फिल्म जाऊच नये. कळ आधी ओढायची, मग दाबायची."

"तरी उघडतं. गिऱ्हाइकांच्या हातून नेहमी होतं."

"गिऱ्हाइकांच्या. तुझ्या हातून तीस वर्षांत कधी झालं?"

त्याने मान फिरवली. एरवी एवढ्याने ही मंडळी निघून जायची. हा जागचा हलेना.

"गप्प बसा हो!"

"मी कुठे बोलतोय? माझ्या तोंडून तूच बोलतोयस."

तो उठला, कॅमेरा घेऊन खिडकीपाशी गेला. बाहेर लख्ख ऊन होतं. त्याने कळ ओढली, दाबली आणि फिल्म बाहेर काढली. ती सळसळत तळहातावर आली.

"चार महिने गुंडाळून पडलेली फिल्म इतकी सरळ?" म्हातारा पुटपुटला.

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सुटलो, असं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

चारला ताई आली.

"ताई, घात झाला," तो म्हणाला. "बोलण्याच्या नादात झाकण उघडलं गेलं. सगळी फिल्म गेली. जोड्याने मार मला." त्याला खरंच रडू फुटलं.

ताई रडली नाही. टेबलावरची फिल्म तिने उचलली, बोटाभोवती गुंडाळली.

"ही कोरी होती रे. परवा मीच घातली. आकडा अकरावर यावा म्हणून लेन्सची टोपी न काढता अकरा वेळा बटण दाबलं."

त्याने तिच्या बोटावरच्या फिल्मकडे पाहिलं.

"ह्यांची फिल्म मी धुतली. बाबांच्या डार्करूममध्ये, याच हातांनी. शेवटच्या फोटोत तू आहेस. म्हटलं, माझा भाऊ आहे, धुवायच्या आधी तोंड उघडेल." तिने नजर वर केली. "ढकललंस त्यांना?"

"नाही ताई! तुझी शपथ. ते घसरले. मी फक्त पळालो."

"सकाळी सांगितलं असतंस तर विश्वास ठेवला असता," ताई म्हणाली. तिने कॅमेरा पिशवीत टाकला आणि पोलीस चौकीच्या दिशेने चालू लागली.