एक पाऊल आत

कित्येक वर्षं तो या परक्या देशाच्या गोलात उभा राहिला, त्यांचं राष्ट्रगीत घोकून पाठ केलं, दोनदा बोटं मोडून घेतली, तरी संघात त्याचं नाव पाहुणाच. ठेवलं होतं कप्तानाने. पाहुणा आला आणि कप्तानाचा मेहुणा राखीव गोलरक्षक होऊन बाकावर जाऊन बसला, एवढंच त्या रागाचं मूळ. बायकोचा भाऊ बाकावर म्हणजे घरी रोज जेवताना कटकट. ती सगळी कप्तान मैदानात येऊन पाहुण्यावर काढायचा.

आज समोर पाहुण्याचा जन्मदेश होता. तिथल्या प्रेक्षकांनी आल्या आल्या ‘घरभेद्या, घरभेद्या’ लावून धरलं. इकडचे प्रेक्षक गप्प होते, आणि तेच त्याला जास्त झोंबत होतं. त्यात समोरच्या संघात त्याचा सख्खा मामेभाऊ. पाहुण्याने देश बदलला त्या दिवसापासून मामाने बोलणं टाकलं होतं.

“आज तुझ्यावर जरा जरी शंका आली,” प्रशिक्षकाने कपडे बदलायच्या खोलीत सर्वांदेखत बजावलं होतं, “तर पुढच्या सामन्यापासून हा मेहुणा.”

पाहुण्याला एकच हवं होतं. या लोकांनी एकदा, नुसतं एकदा, त्याला ‘आपला’ म्हणावं.

पूर्वार्धातच मामेभावाला फ्री किक मिळाली. अशा वेळी गोलरक्षक खांबाशी उभा राहून आपल्याच खेळाडूंची भिंत कुठे हवी ते ओरडून सांगतो आणि भिंत मुकाट सरकते. गोल भिंतीच्या पाठीशी असतो, त्यांना दिसत नाही. मामेभाऊ लहानपणापासून चेंडू भिंतीच्या बाहेरच्या टोकाला वळसा घालूनच मारायचा. त्या वळशापायी मामाच्या घरच्या कितीतरी काचा फुटल्या होत्या आणि मार दर वेळी पाहुण्याने खाल्ला होता.

“बाहेर! एक पाऊल बाहेर!” तो ओरडला.

बाहेरच्या टोकाला कप्तान होता. “भाऊ भाऊ मिळून आम्हाला उल्लू बनवता काय?” म्हणाला आणि पाऊलभर आत सरकला. चेंडू त्याच्या कानाजवळून वळला आणि जाळ्यात.

“यानेच आत सांगितलं!” कप्तान बाकाकडे बघून बोंबलला. धडधडीत खोटं! भिंतीतले बाकीचे मूग गिळून बसले. मेहुणा लगेच उठून अंग मोकळं करायला लागला.

पुढे संघाने कसाबसा तो गोल फेडला. बरोबरी टिकली तरी संघ पुढच्या फेरीत जाणार होता. आणि अगदी शेवटी पुन्हा फ्री किक, जवळपास त्याच जागेवरून. पुन्हा मामेभाऊ, पुन्हा टोकाला कप्तान.

पाहुण्याचं डोकं सणकलं. हा माणूस मेला तरी आपलं ऐकणार नाही. मग नकोच ऐकू दे.

“आत!” तो बाकापर्यंत जाईल असा घसा फाडून ओरडला. “कप्तान, एक पाऊल आत!”

कप्तान कुत्सित हसला आणि बाहेर सरकला. वळसा घेऊन आलेला चेंडू सणसणीत त्याच्या नाकावर बसला. शिट्टी झाली. बरोबरी.

पाहुणा खोलीत पोचेपर्यंत कप्तान टीव्हीवाल्यांशी बोलून आलासुद्धा होता. नाकात कापूस, छाती पुढे.

“ऐकलंत ना सगळ्यांनी? आत म्हणाला! याचं ऐकलं असतं तर गेलो होतो बाराच्या भावात.”

“मी मुद्दाम उलटं सांगितलं,” पाहुणा म्हणाला. “तू माझ्याविरुद्धच जाणार हे ठाऊक होतं मला.”

खोलीत हशा पिकला. प्रशिक्षक तेवढा हसला नाही.

“मीही ऐकलंय, माझ्या कानांनी,” तो म्हणाला. “एक नंबरची जर्सी काढ. मेहुण्याला दे.”

त्याने ती काढली आणि उघड्या अंगाने बाकड्यावर बसला. तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

“अरे, तुमचा कप्तान टीव्हीवर काय बोलला ते ऐकलं आम्ही. मामा आलाय घरी! इतक्या वर्षांनी पायरी चढला. थांब, त्याला देते.”

“भाच्या,” मामाचा आवाज भरून आला होता. “चुकलो रे मी. शेवटी तू आपलाच निघालास.”

“मामा, नाही हो. मी तो गोल वाचवला.”

“हो हो,” मामा समजूतदारपणे हसला. “तिकडे तसंच सांगत राहा. आम्ही नाही बोलणार कुणाला.”