दार लाव

"हा आवाज कापलास कसा रे?" निर्मात्याने गाणं थांबवून विचारलं. "द-द-दार, मग ला-ला-लाव. कुठलं सॉफ्टवेअर?"

स्टुडिओच्या खोलीत सगळे नाचून घामाघूम झाले होते. गाणं रचणाऱ्या मुलाचा हा पहिलाच अल्बम, इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यांचा. त्यातल्या या गाण्यात डान्सहॉल या जमैकन संगीताचा उसळता ठेका होता आणि त्यावर एका बाईचे ते दोनच शब्द अडखळत, उड्या मारत येत होते.

मुलाने आधी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे त्याची आई बसली होती, हॉस्पिटलच्या धुलाईघरातून परस्पर आलेली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"कॉम्प्युटरवरच केलंय," तो म्हणाला. "बटणांचा खेळ, दुसरं काय!"

सगळे हसले. आई उठली आणि बाहेर गेली.

बाई जन्माची तोतरी. धुलाईघरातली नोकरी तिने मुद्दाम धरून ठेवली होती. तिथे यंत्रांची घरघर इतकी की सगळेच हातवारे करून बोलत. तिच्या जिभेकडे कुणाचं लक्ष जात नसे. दुकानात ती बोटाने वस्तू दाखवायची. शाळेतल्या पालकसभेच्या दिवशी मुलगाच म्हणायचा, "तू नको येऊस, उगाच दमशील," आणि तिला काय ते कळायचं. पण घरी आली की ती मनसोक्त बोलायची, अडखळली तरी बेधडक. त्यातून हा पठ्ठ्या आपणहून दार लावेल तर शपथ! त्यामुळे रोज संध्याकाळी ते दोन शब्द ठरलेले. अशाच एका संध्याकाळी त्याने ते मोबाइलवर टिपून घेतले होते. तिला विचारलं नव्हतं.

जिन्यात त्याने तिला गाठलं.

"आई, ऐक ना. चेष्टा नाही केली गं. तुझ्या बोलण्यात ताल आहे, खरंच! त्या ठेक्यावर असा चपखल बसला..."

"ते क-कळलं मला. मीपण पा-पाय हलवत होते." ती कठडा धरून उभी राहिली. "मग मा-माझा आवाज आहे म्हणून का नाही सां-सांगितलंस?"

वर गाणं पुन्हा सुरू झालं होतं. शाळेत असताना आईची लाज वाटायची, तीच आज इतक्या वर्षांनी बाहेर पडली होती, आणि आता त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. आई जिना उतरून निघून गेली.

तो वर आला, गाणं बंद केलं. "ती माझी आई आहे. ती तशीच बोलते."

सगळे कानकोंडे झाले. मग निर्माता म्हणाला, "अरे, मग कव्हरवर त्यांचं नाव टाकू या ना! बोलाव की त्यांना आत."

बोलावणार कुणाला?

तो घरी पोचला तेव्हा आई गणवेशाला इस्त्री करत होती. तो आत आला, दार मुद्दाम उघडंच ठेवलं आणि वाट पाहत उभा राहिला. वाऱ्याने पडदा हलत होता.

"आई, तुझं नाव टाकतोय अल्बमवर," शेवटी तोच म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं मी."

आईने मान डोलावली. इस्त्री उभी करून ठेवली, त्याच्या बाजूने पुढे गेली, स्वतःच्या हाताने दार लावलं आणि परत येऊन कॉलरवर इस्त्री फिरवू लागली.