चौथी बाजू

मित्रांनो, मी एक जुनं डेनिमचं जाकीट आहे, आणि उभ्या जन्मात मला एकदाही पाणी लागलेलं नाही. नाकं मुरडू नका. हेवी मेटल ऐकणाऱ्यांची ही रीतच आहे. ज्या जाकिटावर आपल्या लाडक्या बँडचे कापडी पॅच शिवलेत ते धुवायचं नाही. धुतलं तर त्यात मुरलेली गाणी वाहून जातात म्हणे. माझ्या मालकाची आई मला चिमटीत धरून म्हणायची, "याला जमिनीवर ठेवलं ना, तर आपल्या पायांनी चालत दुकानात परत जाईल!"

माझा मालक तेव्हा वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये नुकता लागला होता. त्याने मला जुन्या कपड्यांच्या ढिगातून उचललं आणि घरी आणून आधी माझ्या बाह्याच कापल्या. मला वाटलं, संपलं आपलं! पण खरं तर तिथूनच सुरू झालं. मालकाचे केस खांद्यावर रुळायचे, म्हणून घरात त्याचं नाव झिपऱ्या. हे नाव ठेवलं होतं ताईने. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती शिंप्याच्या दुकानात कामाला होती.

पॅच शिवायची तीच. साधा दोरा गर्दीच्या रेटारेटीत तटकन तुटतो, म्हणून दात साफ करायचा मेणाचा दोरा सुईत ओवायचा, ही युक्तीही तिचीच. डाव्या छातीवर ब्लॅक सॅबथ आला, कारण त्यांची ती संथ, जड गिटार ऐकूनच झिपऱ्या या वाटेला लागला होता. खिशावर मोटरहेड बसला. उजवीकडे आयर्न मेडन. त्यांचं गाणं लागलं की भिंतीपलीकडून घोडे दौडत चालल्यासारखं वाटायचं. आई ओरडायची, "बहिरा होशील मेल्या!" आणि ताई हसून म्हणायची, "कोसळली वाटतं पुन्हा भांड्यांची मांडणी."

पण मित्रांनो, एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. टेप चालू असला की ताई मला मांडीवर घेऊन बसायची. तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, आणि त्या टाचण्यांमागे, मिटल्या ओठांनी, अगदी हळू, ती तेच सूर गुणगुणायची. गिटार चढली की सुई चढायची, गिटार उतरली की सुई उतरायची. झिपऱ्याने मान वळवली की ती गप्प. मला तोंड असतं तर मी त्याला तेव्हाच सांगितलं असतं.

माझी पाठ मात्र कोरी होती. पाठीवरचा मोठा पॅच त्याच बँडचा, ज्याला आपण मैदानात उभं राहून ऐकलंय, असा झिपऱ्याचा नेम होता. एके दिवशी कळलं, शेजारच्या शहरात ‘भट्टी’ येणार आहे. हा बँड म्हणजे त्याचा जीव की प्राण.

"मला पण ने ना रे," ताई म्हणाली.

"तुला? तुला तर मांडणी कोसळल्यासारखं वाटतं! आणि माझे मित्र काय म्हणतील, बहिणीचं बोट धरून आला?"

"बरं," ताई म्हणाली, आणि माझं सैल झालेलं बटण घट्ट करून दिलं.

मैदानातली धूळ, घाम, हजार गळ्यांची एक आरोळी, सगळं माझ्या धाग्याधाग्यात भरलं. झिपऱ्या घरी आला तो गळा बसवून आणि हातात ‘भट्टी’चा ज्वाळांचा मोठा पॅच घेऊन.

"सांग ना, कसं झालं?" ताईने सुई ओवता ओवता विचारलं.

"तुला नाही कळायचं ताई. तू शिव."

ताईने तीन बाजू शिवल्या आणि दोरा दातांनी तोडला.

"अगं, चौथी बाजू?"

"ती मला नेशील तेव्हा."

"हात्तिच्या! पुढच्या वेळी नक्की."

पुढची वेळ आली, त्याच्या पुढचीही आली. एकदा मित्रांची गाडी भरली होती, एकदा त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. सुटलेली बाजू वाऱ्यावर फडफडत राहिली. ती दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्यायची त्याला हिंमत झाली नाही, आणि ताईला न्यायचं त्याला सुचलं नाही.

मग शिंप्याचं दुकान बंद पडलं. ताई यंत्रमागाच्या कारखान्यात लागली. ते माग दिवसभर असे खडखडायचे की कुठल्याही बँडने कानाला हात लावावा. आईने बहिरेपणाचं भाकीत केलं होतं भावाचं, खरं झालं बहिणीचं. झिपऱ्याचे केस गेले, नाव तेवढं राहिलं. माझ्या नशिबी कपाटाचा तळ आला. आणि एक दिवस ‘भट्टी’च्या गायकाचा गळा गेला, भट्टी कायमची विझली.

परवा दुपारी झिपऱ्या मला घेऊन ताईकडे गेला. तिच्या कानाशी वाकून ओरडला, "ताई, भट्टी विझली गं! आता तरी शिवून टाक!"

ताईने चष्मा लावला. उघड्या बाजूवरून बोट फिरवलं. "नाही हं. ठरलं ते ठरलं. खांद्याची शिवण उसवलीय, तेवढी घालते."

तिने टाचण्या ओठांत धरल्या. सुई चालू लागली, आणि ताई गुणगुणू लागली. तिला आता स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना, म्हणून तो लपवायचंही तिला कळलं नाही. ‘भट्टी’ची गिटार होती ती, सगळ्या चढउतारांसकट, जिथे झिपऱ्या स्वतः अजून अडखळतो ती अवघड वळणंसुद्धा.

झिपऱ्या पुटपुटला, "ताई... तुला हे येतं? कधीपासून?"

तिला ऐकू गेलं नाही. गाठ मारून झाल्यावर तिने वर पाहिलं, तर झिपऱ्या डोळे पुसत होता. ती हसली. "अरे वेड्या, सुई माझ्या हातात, आणि टोचली तुला?"

मित्रांनो, आम्हा जुन्या कपड्यांना जपा, उसवलं की वेळेवर टाका घाला. आणि घरातलं कुणी "मला पण ने" म्हणालं, तर त्याचं बोट धरा, आपल्याला कोण हसेल ते पाहू नका. झिपऱ्याने आता मला खिडकीपाशी टांगलं आहे. वारा आला की माझी चौथी बाजू फडफडते, आणि तो उठून खिडकी लावून घेतो.