येतो म्हणाला, आला नाही

“ही पाचवी तक्रार.” ऑफिसातल्या बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. “पुन्हा तेच. काम अर्धवट सोडून गेला.”

“मशीन चालू आहे की नाही?”

“चालू आहे.”

“पाणी गळतंय?”

“नाही.”

“मग अर्धवट काय राहिलं? कपडे वाळत घालून द्यायचे होते का मी?”

हे शेवटचं मी मराठीत पुटपुटलो, नाहीतर सहावी तक्रार तिथल्या तिथे झाली असती.

वॉशिंग मशीन दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. बेअरिंग गेलंय की पंपात हेअरपिन अडकलीय, हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो. परदेशात येऊन मला पाच महिने झाले होते आणि बाकी सगळ्यावरून बोलणी खाऊन झाली होती. कचरा चुकीच्या डब्यात टाकला म्हणून शेजारीण बोलली, दार जोरात लावतो म्हणून खालचा बोलला. पण कामावरून कोणी बोलेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. डोकं फिरायचं बाकी होतं.

बाई कागद वाचू लागल्या. “‘मेकॅनिक निघताना दारात म्हणाला, मी येतो. मी विचारलं, कधी? तो हसला आणि म्हणाला, बघू. मी दातांच्या डॉक्टरांची वेळ रद्द करून दिवसभर घरी थांबले. तो आला नाही.’” त्यांनी चष्मा काढला. “का म्हणता तुम्ही असं?”

“मी? परत येतो असं मी कशाला म्हणेन?”

“पाचही जणांनी हेच लिहिलंय. चाचणीचा एक महिना राहिलाय तुमचा. आणखी एक तक्रार आली, तर तुम्हाला कायम करणं माझ्या हातात नाही.”

कायम झालो तरच बायकोचे आणि मुलीचे इकडे यायचे कागद होणार होते. आईचे होणारच नव्हते. इथल्या नियमात बायको आणि मूल म्हणजे कुटुंब, आई त्यात बसत नाही. त्यावरूनही मी एकदा व्हिसा ऑफिसात खिडकीपलीकडच्या माणसाशी तासभर डोकं फोडून आलो होतो.

जेवणाच्या सुट्टीत व्हॅनमध्ये बसून घरी फोन लावला. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

“अहो, पण निघताना तुम्ही म्हणता काय?”

“काय म्हणणार? येतो म्हणतो.”

“त्यांच्या भाषेत?”

“मग काय मराठीत म्हणू?”

ती जी हसायला लागली, ती थांबेचना. मला मात्र पाच अनोळखी माणसं आपापल्या दाराकडे बघत बसलेली दिसायला लागली.

“मग सरळ जातो म्हणा की,” ती म्हणाली.

“कोण जातो म्हणतंय?” मागून आईचा आवाज आला आणि फोन तिच्या हातात गेला. “खबरदार! दारातून निघताना जातो म्हणायचं नाही. लहानपणापासून कानीकपाळी ओरडतेय ना मी?”

“अगं आई, नोकरी जाईल माझी.”

“मग काहीच बोलू नकोस. गप निघ.”

एका घरून गप निघून पाहिलं. त्या घरचे आजोबा दोन जिने धापा टाकत मागे आले, आमचं काही चुकलं का विचारायला. मग ठरवलं, त्यांच्या भाषेतलं ‘जातो’ घोटायचं. व्हॅनमध्ये, सिग्नलला, दात घासताना जातो, जातो, जातो. पुढच्याच घरी दारात जीभ ‘ये’वर गेली. मी घाईघाईने वाक्य वळवलं आणि तोंडातून निघालं, “येत नाही!”

“कधीच?” बिचाऱ्या बाईचा चेहरा पडला. मशीन बंद पडलं तर नक्की येईन, पण नाही पडलं तर येणार नाही, हे तिला समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली.

पण जीभ वळली. महिनाभर एकही तक्रार आली नाही. ऑफिसातल्या बाईंनी पत्र हातात दिलं आणि वर म्हणाल्या, “आता तुमचं बोलणं समजतं.” बावीस वर्षांच्या हाताबद्दल एक अक्षर नाही. असो.

पुढच्या कामाच्या दाराशी पोचलो आणि बेल वाजवण्याआधी राहवलं नाही म्हणून घरी फोन केला. आईने उचलला.

“आई, कायम झालो!”

“देव पावला रे. आता ह्या दोघींचं होईल.”

“पुढच्या महिन्यात येतील इकडे.”

“हो. बॅगा काढल्यात माळ्यावरून. मीच पुसून ठेवल्या.”

“आणि तू?”

“मला काय होतंय? मी आहे इथेच.”

एवढ्यात बेल न वाजवताच दार उघडलं. गिऱ्हाईकबाई माझी व्हॅन बघूनच आल्या होत्या. इथे दोन मिनिटं उशीर झाला तरी लोक घड्याळ दाखवतात.

“बरं आई, गिऱ्हाईक थांबलंय. जातो.”

शब्द निघून गेला. महिनाभर घोटून घोटून जिभेवर बसवलेला, तो भाषा बघून थोडाच थांबतो? आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला. मग परत कानाला लावला.

“आई?”

“येतो म्हण,” ती म्हणाली.

“येतो.”

“कधी?”

आजवर मराठीत मला हे कोणी विचारलं नव्हतं. येतो म्हटलं की समोरचा ‘ये’ म्हणतो आणि विषय संपतो. त्या पाच जणांवर मी किती चिडलो होतो, साधं बोलणं कळत नाही म्हणून. एकेक दिवस तर थांबले होते, आणि लगेच कागद खरडले. आईला मी सहा महिन्यांपूर्वी दारात येतो म्हणालो होतो. तिने कोणाला काही लिहिलं नव्हतं.

मला हसता आलं नाही. बघू, असंही म्हणवेना. दारातल्या बाई आतल्या ओल्या फरशीकडे बोट दाखवत होत्या. मी अवजारांची पिशवी खाली ठेवली.

“आई, जरा थांब हं.”

“थांबलेच आहे की,” आई म्हणाली.